चढावर बंद

खोक्यातून आधी थर्माकोल निघाला, मग चाक.
पोटात मोटर असलेलं, चार किलोचं.
तात्यांनी ते मांडीवर घेतलं,
नातवंडाला घेतात तसं नाही,
काट्यावर संशय असलेल्या गिऱ्हाइकासारखं.
"छत्तीस व्होल्ट," मी म्हणाले.
"असू दे," ते म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, गुडघा बघता चढ नको.
नाशकात चढ नको म्हणजे
घरात बसा.

मी अंबडला मोटरी भरते.
जळालेले पंप, तांब्याची तार, वेढे मोजत वेढे,
वार्निशचा वास रविवारपर्यंत केसांतून जात नाही.
तरी हे चाक उघडून बघायचा मोह आवरला.
वॉरंटी जाते.

सायकल सत्त्याऐंशी सालची.
तिच्यावर तिसरी पाळी, बावीस वर्षं, पंचवटी ते सातपूर.
दूध बाजारातला रेहान पठाण अठराचा पाना घेऊन आला,
म्हणाला, काका, आस जाड आहे, खोबण अरुंद,
ग्राइंडर मारू का?
तात्या काही बोलले नाहीत.
आत जाऊन स्वतःची कानस घेऊन आले.
एका मिलीमीटरसाठी पंचवीस मिनिटं.
खाली पेपर पसरलेला, त्यावर लोखंडाची पिठी,
आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा
त्यांचा खालचा ओठ दातांत.

मग फोर्कवरचा डायनामो काढायचा होता.
बोल्ट गंजलेला. रॉकेल, हातोडी, शिवी, पुन्हा रॉकेल.
निघाला तेव्हा त्यांनी तो अंगठ्यानं फिरवला.
"हा टायरला टेकवला की पाय जड व्हायचे.
उजेड फुकट नसतो, मंगल.
होळकर पूल संपला, चढ लागला,
की हात खाली घालून बंद करायचो."
"आणि अंधारात?"
"चढावर बघायचं काय असतं? चढच."

मी म्हणाले, आत तेच आहे, तात्या,
चुंबक आणि तांबं.
ह्याला पाय दिले की हा वीज देतो,
त्याला वीज दिली की ते पाय देतं.
बावीस वर्षं उसना दिलेला उजेड
आता परत घ्या.
माझं मलाच हे वाक्य आवडलं.
ते वॉशर शोधत होते.

तीन जाड वायरी : पिवळी, हिरवी, निळी.
पाच बारीक, केसांएवढ्या.
सायकल उलटी, सीट फरशीवर, मूठ पिळली,
चाक फिरलं.
उलटं.
रेहाननं माझ्याकडे पाहिलं. मी वायरींकडे.
आई उंबऱ्यातून म्हणाली,
"कामावर नको म्हणतेय ती."
कितीतरी वर्षांनी तात्या मोठ्यांदा हसले,
इतके, की खोकला आला, पाणी द्यावं लागलं.
वायरींच्या अदलाबदलीत संध्याकाळ गेली.
चौथ्या खेपेला चाक सरळ,
आणि आवाज जवळजवळ नाहीच,
ताकाच्या भांड्यावर माशी फिरावी एवढा.

रेहानचा पाना आमच्याकडेच राहिला.
सकाळी तो द्यायला तात्या निघाले,
बॅटरीचे चारही ठिपके पेटलेले.
गल्लीच्या तोंडाशी पायडल न मारता वळले,
मान ताठ,
कुणीतरी मागून ढकलतंय आणि त्याला
ओळख द्यायची नाही, असे.

दीड तासानं आले. कॉलर ओली, तोंड लाल,
एक हात गुडघ्यावर.
बॅटरीचे ठिपके चार.
"चालली नाही?"
"चालली की. पुलापर्यंत लोण्यासारखी."
"मग?"
पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.
"चढ लागला, बंद केली."

आई हसली नाही.
मी विचारलं नाही.
त्यांनीच थोड्या वेळानं हाताकडे बघितलं,
डाव्या, जो खाली जायचा.

रात्री मी तरी चार्जर लावला.
दिवा लाल झाला न झाला,
तोच हिरवा.