काटा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, पॅकिंग खात्यात
अठरा वर्षं मी काट्यावर बसले.
पुडा ठेवायचा, आकडा बघायचा, पुडा उचलायचा.
शंभर ग्रॅमचा पुडा होता तेव्हा
आकड्याआधी हाताला कळायचं.

मग नव्वद झाला. रॅपर तेवढंच.
मग ब्याऐंशी, आणि रॅपरवर नवं सूर्यफूल.
मेंगाणेसाहेब म्हणाले, नरसव्वा, बाजारच तसा आहे.
मी बटण दाबून नवा आकडा बसवला.
याला काटा मारणं म्हणतात,
पण रॅपरवर छापलेलं असलं की म्हणत नाहीत.

आता कंपनीच बुडाली.
गेटवर नोटीस, चार ठिकाणी डिंक,
एक कोपरा वाऱ्यावर फडफडतोय.
साहेब म्हणतात, एकोणीस दिवसांचा संप.
हैदराबादचा व्यापारी त्यातच गेला, परत आला नाही.
गड्डम म्हणतो, संप नाही, कर्ज.
होटगी रोडचं मंगल कार्यालय
कुणाच्या मैद्यातून उभं राहिलं ते विचारा की.
दोघांकडे कागद आहेत.
दोघांचेही कागद खरे आहेत, हीच पंचाईत.

खापर फोडायला डोकं लागतं.
डोकी एकशे ब्याऐंशी, एक शेठ, दोन साहेब,
आणि तीन वर्षांचा न भरलेला पी.एफ.,
त्याला डोकं नाही.

कंपनी आठ टक्क्यांवर आली होती.
गड्डम बाराच्या खाली येईना.
झाडाखाली सभा झाली, हात वर करा म्हणाला.
मी केला. उजवा. काट्यावरचा.
शेजारी जैनबनं केला, तिचा बघून तिच्या सुनेनं.
किती बरं वाटलं होतं तेव्हा, खोटं का बोलू.

पण बंदेनवाज नदाफचं कुणीच काढत नाही.
भट्टीवाला. विटांची भट्टी, त्याच्या बापानं लावलेली.
संपाच्या दुसऱ्या दिवशी गेटवर आला,
म्हणाला, मला एकट्याला आत सोडा,
बारीक आच ठेवतो, नाहीतर तडकेल ती.
आमची पोरं म्हणाली, फुटीर बे हा.
साहेब म्हणाले, विम्यात बसत नाही.
तो एकोणीस दिवस समोरच्या पानपट्टीवर बसून
चिमणी बघत राहिला.
मे महिना. बाहेर चव्वेचाळीस अंश,
आणि सोलापुरात तेवढी एकच वस्तू थंड पडत होती.

विसाव्या दिवशी सगळे गुलाल लावून आत गेलो.
साडेनऊ टक्के. दोन्हीकडे पेढे.
भट्टीच्या पोटात बोट जाईल एवढी भेग होती.
बंदेनवाजनं तिच्यात बोट घातलं
आणि काढलं नाही बराच वेळ.

काल यादी करणारा माणूस आला, कोर्टाकडून.
गोरापान, घामेजलेला, सारखं पाणी मागणारा.
मिक्सर दोन. ट्रॉल्या चौदा. भट्टी: भंगार.
काटा एक. चालतो का, म्हणाला, चालवून दाखवा.
मी प्लग लावला.
काट्याचा नियम असतो, आधी शून्य.
रिकाम्या ताटलीवर आकडा आला, चार.
पदरानं पुसली. चार.
उलटी करून झटकली, फटीतून भुगा पडला,
बिस्किटाचा, कुठल्या सालचा कुणास ठाऊक.
मी चिमूटभर तोंडात टाकला.
वेलदोडा होता. म्हणजे शंभर ग्रॅमच्या काळातला.

तरीही चार.
त्यानं लिहिलं, दुरुस्तीची गरज.
मी म्हटलं, साहेब, मीपण चुरा न्यायचे घरी,
डब्यात, रोज मूठभर, तेही लिहा कुठंतरी.
तो हसला. रकाना नव्हता तसा.

बाहेर पानपट्टीवर बंदेनवाज बसलेला.
किती आलं, त्यानं विचारलं.
चार, म्हटलं.
कुणाचे, म्हणाला.
आणि माझ्यासाठी बाकावर सरकला.