चार कान

दूध तोलायची खोली पहाटे साडेचारला उघडते.
चाकोतली आमची वसाहत: उत्तरेचा वारा, धूळ, भुईमूग,
आणि जमिनीखाली सगळं पाणी खारट.
पावसाचं तेवढं गोड, ते टाक्यांत जपून ठेवतो.
पाण्याच्या बाबतीत फार काटेकोर आहोत आम्ही.

नोंदवही माझ्याकडे असते.
त्या दिवशी यस्टीना फ्रोझेच्या कॅनमध्ये
काचेची नळी जरा जास्तच खोल गेली.
तिसाच्या जागी चोवीस.

मी कुणालाही बोलले नाही.
फक्त टीना रेम्पेलला.
तेही शिवणमंडळात, गोधडीच्या या कडेला मी, त्या कडेला ती,
तेही एवढंच: 'यस्टीनासाठी प्रार्थना कर, बाई.
का ते मात्र विचारू नकोस.'
तिनं विचारलं.

पुढचं मला दिसत होतं.
उपासनेनंतर पुरुष सावलीत बसतात,
गार तेरेरेचं एकच शिंग, एकच धातूची नळी,
या तोंडातून त्या तोंडात.
तिसऱ्या रविवारपर्यंत याकोब फ्रोझे पीत होता,
पाचव्या रविवारी त्याचं शेत बँकेकडे गहाण होतं.
स्त्रियांच्या बाजूला, चौथ्या बाकावर,
यस्टीनाशेजारी दोन माणसांची जागा राहू लागली.
मागच्या बाकावर आम्ही दाटीवाटीनं बसायचो.
घाम यायचा. कुणी पुढे सरकलं नाही.
मीही नाही.

मग बंधुसभेत तक्रार गेली, निनावी.
मंडळीचे वडील, गेरहार्ड ड्यूक, दूध घालायला आले
आणि कॅन रिकामा झाला तरी थांबले.
'तिच्याकडे कोण गेलं होतं?'
'कशाला?'
'विचारायला.'
मी वहीचं पान सरळ करत राहिले.
'आधी चार कान,' ते म्हणाले, 'तिचे दोन, तुझे दोन.
नाहीच जमलं तर आणखी एखादी साक्षीदार.
मंडळी सगळ्यात शेवटी.
तुम्ही जिना छपरापासून बांधायला घेतलाय.'
टोपी घातली आणि गेले.
'तुझे' म्हणाले होते ते. माझं नाव कुणी सांगितलं होतं?

गुरुवारी संध्याकाळी गेले. चालत.
सायकलनं फार लवकर पोचले असते.
ती ओट्यावर शेंगा फोडत होती.
मी तीन वाक्यं पाठ करून गेले होते,
तिसऱ्यात 'क्षमा' होती.
पहिलंही पुरं झालं नाही.

'ठाऊक आहे,' ती म्हणाली.
'फिरून फिरून माझ्याच दारी आलं ते,
आणि त्यात तुझं "बाई" तसंच होतं.'

टरफलं पायाशी पडत होती.
'पाणी घातलं होतं मी. खरं आहे ते.
याकोबचा हात यंत्रात सापडला, त्याच आठवड्यात दोन गाई आटल्या.
एक बादली. एकदाच.
तू आली असतीस तर तुलाच सांगितलं असतं.
कुणाला तरी सांगायचंच होतं मला.'

वाटलं होतं, खरं निघालं तर सुटेन.
घरी येताना पावलं उचलेनात.

शुभ शुक्रवारी आम्ही एकमेकींचे पाय धुतो,
मागच्या खोलीत, एनॅमलच्या परातींत.
यस्टीना म्हाताऱ्या अँगनेटापुढे वाकली.
माझ्याकडे आली नाही.
मी परात घेऊन बाहेर निघाले, लिंबाला पाणी घालायला,
दोन्ही हात गुंतलेले, आणि वाऱ्यानं दार लोटलं.
तिनं पायानं ते अडवून धरलं,
ओल्याच पायानं, मी जाईपर्यंत.
बघत मात्र दुसरीकडेच होती.

सोमवारी तिच्या कॅनमध्ये नळी तिसावर थांबली.
वहीत लिहिलं.
मागे रांगेत टीना. मान उंचावून म्हणाली,
'काय, किती भरलं तिचं?'

'ती बाहेर गाडीपाशी आहे,' मी म्हणाले.
'जाऊन विचार.'