थांबल्यावरचा वारा

शाल्मलीची गाडी तापून बंद पडली तेव्हा
फहाहीलमध्ये संध्याकाळचे सहा वाजले होते
आणि पारा एक्केचाळीसवर.
इमारतीमागच्या त्या मोकळ्या जागेत,
जिथे चार वर्षांपासून दुकानं होणार आहेत,
गाडी जागच्या जागी मुकी झाली.
मोतालेब, आमचा हारिस, पाण्याची बाटली घेऊन धावला.
पाणी नको, मी ओरडले, पाणी नको!
त्याला वाटलं, मुलगीच पडली.

रात्री जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरला,
कवच काढलं.
आत मूठभर वाळू.
मोटारीच्या डोक्यावर दोन पंखे,
शंभर फिल्सच्या नाण्याहून जरासे मोठे,
तारा थेट रिसिव्हरला:
गाडी चालू की हे चालू,
गाडी बंद की हे बंद.
'मग बरोबरच आहे ना?'

वही उघड म्हटलं. मैदानात आपणच मोजलंय.
धावताना अठ्ठ्याहत्तर.
तू बॅटरी वाचवायला बटण बंद केलंस,
त्यानंतर तीन मिनिटांनी ब्याण्णव.
'बंद केल्यावर वाढलं?'
वाढणारच.
धावताना वारा लागत असतो.
थांबलं की आतला ताप बाहेर यायला निघतो,
आणि नेमका तेव्हाच आपण पंखा काढून घेतो.

तिनं आकडा परत वाचला.
मीही.

इस्त्री साठ वॅटची. डाग द्यायची, कपड्यांची नव्हे.
मंगफच्या दुकानदारानं किंमत रविकिरणला सांगितली,
वॅट किती, तेही त्यालाच विचारलं.
रविकिरणनं माझ्याकडे पाहिलं.
साठ, मी म्हटलं.
मिरजेच्या आयटीआयमध्ये सहा वर्षं
मी पोरांना हेच सांगत होते:
आधी तार तापवा, मग शिसं लावा,
शिसं तापवून तारेवर थापू नका, ते शेण नव्हे.
इथे माझ्या व्हिसावर बाविसावं कलम आहे.
नवऱ्यावर अवलंबून. कामाला मनाई.
जेवणाच्या टेबलाचं त्यात काही लिहिलेलं नाही.

लाल तार मुख्य बटणाच्या आधीच फोडली,
बॅटरीच्या अगदी उशाशी.
तिथून व्होल्ट उतरवणारी इवलीशी पट्टी,
तिच्या स्क्रूला नखभर पीळ देत देत
आठ पॉइंट चारचे सहा केले.
मग सरकतं बटण, मग पंखे.
काळी तार काळीला.
प्रत्येक जोडावर रबरी नळी, काडेपेटीच्या आचेनं आवळलेली.
राळेचा वास सुटला
आणि मला एकदम तेवीस बाकं आठवली,
खिडकीतला लिंब, आणि पाठीमागे हसणारा
कुणी एक मगदूम, ज्याचा डाग कायम थंड असायचा.

'म्हणजे हा पंखा गाडीला विचारत नाही?'
नाही.
'आणि मी बंद करायला विसरले तर?'
तर बॅटरी संपेल, फुगेल, फेकावी लागेल.
स्वतंत्र बटण म्हटल्यावर एवढं आलंच.

शुक्रवारी पुन्हा मैदान.
गाडीनं धूळ उडवली, दोन कोलांट्या खाल्ल्या,
हाझेमच्या बुटाला धडकून थांबली.
शाल्मलीनं मुख्य बटण बंद केलं.
चाकं थंड, दिवे गेले,
आणि पंखे मात्र आपले फिरताहेत,
डबीत माशी अडकल्यासारखा आवाज.
मोतालेबनं वाकून वर तळवा धरला.
'गरम येतंय,' तो काळजीनं म्हणाला.
येऊ दे, मी म्हटलं.
तीन मिनिटांनी मोजलं: त्र्याहत्तर.
तिनं वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

आता रात्रीचे दीड.
रविकिरण रिफायनरीत, रात्रपाळीला.
एसी मधेच दम खातो, आणि त्या फटीतून
दाराशी चपलांच्या स्टँडकडून
बारीक घूं ऐकू येतंय.
विसरली.

उठायला हवं. बॅटरी जाईल.
उठते.
अजून थोडं
ऐकते.