चरे

टार्टूतल्या तळघरात, रात्री पावणेदोनला,
मेरिके काच सरकवते सूक्ष्मदर्शकाखाली.
पेशींचं नाव श्वान. कुत्र्याशी नातं नाही,
कुण्या जर्मनाचं आडनाव ते.
तरी चालतात मात्र हुंगत हुंगतच.

गुळगुळीत काचेवर त्या भरकटतात,
चार पावलं पुढे, तीन मागे,
वाट विचारावी तर कुणी नाही.
शेजारच्या काचेवर तिनं चरे पाडलेत
केसाहून बारीक.
तिथे त्या लांबट होतात, अंग चोरतात
आणि निघतात सरळ,
बर्फात आधी कुणी स्की घासून गेल्यासारख्या.

तिचे वडील, हेल्दुर. करवतीनं नस तुटली
त्याला दोन हिवाळे झाले.
रविवारी फळीवर अंगठा फिरवतात, विचारतात,
'घासलीस का गं ही?'
नाही, बाबा. कुसळ शिरलंय तुम्हाला.
रक्त बघा.

वहीत ती आकडा लिहिते: तासाला वीस मायक्रॉन.
खोडते. अठरा.

बाहेर उणे अकरा.
हातमोजा काढून, भिंतीच्या खरबरीत गिलाव्यावर
तळवा टेकवून ती चालत राहते
कोपऱ्यापर्यंत,
आणि कोपऱ्यावरून वळतेही
हात न उचलता.