किमान वीस

बोरसे सरांनी फळ्यावर लिहिलं होतं:
प्रगत गणित. बारावीतच कॉलेजचा पेपर.
पास झालात तर चार श्रेयांक आधीच खात्यावर.
आणि खाली, खडू मोडेस्तोवर दाबून:
किमान वीस विद्यार्थी.

बेटावदला वीस पोरं
फक्त क्रिकेटच्या भांडणात एकत्र येतात.

आठवडाभर कागद वर्गावर्गातून फिरला.
एकीनं नाव खोडलं, तास शनिवारी म्हणून,
शनिवारी ती मावशीच्या शिलाईवर बसायची.
एकानं खोडलं, तिनं खोडलं म्हणून.
एकोणीसवर येऊन कागद थांबला.
सर शिपाईकाकांकडे बघत होते,
खरंच, काही क्षण.

मग लोटन शिरसाठ उठला.
सहामाहीत गणितात अकरा मिळालेला लोटन.
"मन्हं नाव लिखी टाका, सर.
मांगे बठसू मी."

तो मागेच बसला, वर्षभर.
वहीत शेळ्या काढायचा, शिंगं फार छान.
एकदाच बोलला.
सर सांगत होते, ही रेघ अक्षाच्या जवळ जाते,
आणखी जवळ, आणखी,
पण पोचत नाही कधीच.
"पोचत नही ते निंघस कसाले?"
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
खडू पुसून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडलं.
मला ते त्या दुसऱ्या वेळी कळलं.

परीक्षेलाही वीस हवेच होते,
नाहीतर केंद्र शिंदखेड्याला गेलं असतं.
लोटन तीन तास बसला.
बैठक क्रमांक लिहिला, दोन अक्ष आखले, पट्टीनं.
त्याला चार गुण मिळाले.
मला चार श्रेयांक.

धुळ्याला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी,
एका विषयातून सूट मिळाली मला.
मंगळवारी दुपारी दोन ते तीन.
त्या तासाला मी हॉस्टेलवर झोपायचे.
कुणाला सांगितलं नाही.

परवा नरडाण्याला दिसला,
जिनिंगच्या वजनकाट्यावर, खिडकीत.
"गिरासे! चहा?"
मग काचेआडूनच,
"ती रेघ पोचनी का वं?"

अजून नाही, म्हटलं.

एक ट्रक काट्यावर चढत होता.
लाल आकडे वरखाली हलत होते,
आणि लोटन, पावतीवर पेन टेकवून,
ते थांबायची वाट बघत होता.