पांढरा साका

बाटली पाण्याखाली तिरकी धरायची,
एकही बुडबुडा आत जाऊ द्यायचा नाही,
बूच पाण्यातल्या पाण्यातच लावायचं –
पहिल्या सत्रात हे सगळं वहीत उतरवून घेतलं होतं
सुवाच्य अक्षरात,
पंख्याखाली बसून.

विश्वामित्रीच्या काठाला पंखा नसतो.
घोट्यापर्यंत चिखल असतो,
आणि जेसंगभाई असतात, हातात बांबू घेऊन,
मगरीवर लक्ष ठेवायला विभागानं नेमलेले.
ते मगरीला 'बेन' म्हणतात.
'बेन सूती छे,' म्हणाले, 'तमे तमारुं करो.'
आम्ही आमचं करू लागलो.

थर्मामीटरची दोरी पुरेना, तेव्हा यास्मिननं
पिशवीतून फिरकी काढली, उत्तरायणातली उरलेली.
पतंग कापायच्या मांज्यानं
आम्ही नदीचा ताप पाहिला.
सव्वीस पूर्णांक दोन.
यास्मिनच्या बोटाला बारीक लाल रेघ.

रसायनं जागच्या जागी घालायची असतात.
आधी मँगनीजचं, मग आयोडाइडचं,
मग बूच दाबून बाटली खालीवर, खालीवर,
तान्ह्याची ढेकर काढावी तितक्या हळू.
पाण्यात प्राणवायू असेल
तर तळाशी तपकिरी साका बसतो.
पुस्तकातल्या चित्रात तो गुळाच्या चहासारखा दिसतो.

आमचा पांढरा बसला.
नुकत्याच लागलेल्या दह्यासारखा, निवांत.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.
माझं नेहमीच काहीतरी चुकतं.
दुसरी बाटली भरली. पांढरा.
तिसरी भरताना राजेशिर्के सर खाली उतरले,
बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत.
'एकाच पाण्याला किती वेळा विचारणार?
शून्य लिहा. शून्याचीही नोंद होते.'

लिहिलं.
तेवढ्यात समोरच्या वाळूवर बेन जागी झाली.
वरची हवा घेतली, आमच्याकडे न बघता,
आणि आमच्या त्या शून्यात
जराही आवाज न करता उतरली.
तिचं काय अडलं होतं आमच्या आकड्यावाचून?

पुढच्या मंगळवारी नवं काम:
नदीत पडणारा नाला येतो कुठून, ते शोधा.
नकाशा झेरॉक्सच्या झेरॉक्सचा झेरॉक्स,
रस्ते विरलेले, नदी मात्र काळी कुळकुळीत.
मुखापासून उलटं चालत निघालो
गटाराची झाकणं मोजत.
सातव्यावर शेव-उसळची गाडी.
अकराव्यावर साड्या रंगवणारा,
त्याच्यापुढचं पाणी त्या दिवशी राणी रंगाचं.
मध्ये दोन दवाखाने, एक लग्नाचा हॉल,
एक झाकण सापडलंच नाही, त्यावर स्कूटर उभी होती.

एकोणिसावं दांडिया बाजारात.
आमच्याच गल्लीत.
आईनं सकाळी काढलेली रांगोळी
अर्धी उंबऱ्यापुढे, अर्धी त्या झाकणावर.
रोज तिच्यावरून उडी मारून मी कॉलेजला जाते.

यास्मिननं पेनचं टोपण काढलं.
'हे कोणाचं घर?'
गल्लीतलं कुत्रं माझ्या पायाशी शेपूट हलवत होतं,
खोटं बोलायची सोय नव्हती.
'लिही,' म्हटलं, 'खोपकर.
माणसं तीन, वॉशिंग मशीन एक.'

आई दारात आली. 'उन्हातान्हाच्या काय फिरताय?
आत या, चहा टाकते.'
चिवडा झाला, चहा झाला,
यास्मिनच्या आजोळची चौकशी झाली,
नकाशा टीपॉयवर बशीखाली तसाच.
मग आई कप घेऊन मोरीत गेली
आणि नळ सुटल्याचा आवाज आला.

आम्ही दोघी गप्प.
मी मनात उतरत गेले –
अठरा, सतरा, सोळा, स्कूटरखालचं ते,
राणी रंग, शेव-उसळ –
किती मिनिटं लागतील?

जर्नलमध्ये शेवटचा रकाना 'शेरा'.
मला काही सुचेना.
यास्मिननं पेन्सिलीनं बारीक लिहिलं:
चहा छान होता.

खोडरबर माझ्याच कंपासमध्ये आहे.
उद्या जर्नल द्यायचंय.