पाहुणा चार हजार सातशे अठरा

दुपारी दोन ते चार फाट्यावर कोनी येत नाई.
डांबर मऊ पडते, लिंबाखालचं कुत्रं
सावलीसंगं सरकत जाते,
कम्प्रेसरवर होला येऊन बसते.
तवा मी खिशातून रस्ता काढतो.

काय रस्ता हाय बाप्पा!
एका बाजूनं समुद्र, एका बाजूनं बर्फ,
मंधात म्हैस नाई, बैलबंडी नाई,
डांबरावर वायत घातलेली तूर नाई,
मुरूम टाकून गेलेला ठेकेदार नाई.
ब्रेकचं बटन कोपऱ्यात हाय म्हन्तात,
म्या अजून दाबून नाई पाह्यलं.
मोबाइल कलला का गाडी कलते,
मी बी कलतो, ज्याच्यावर बसलो ते टायर बी,
अन् लाल गाडी उडते पुलावरून
चार सेकंद.
चार सेकंद मले वजन नसते.
लग्नात भेटलेल्या मोटरसायकलवर बी
असं कधी झालं नाई.

गेमनं नाव इचारलं होतं. मले सुचलं नाई.
त्यानं परस्पर ठेवलं:
पाहुणा चार हजार सातशे अठरा.
आपल्याकडं पाहुण्याले आधी पानी देतात.
हे दोन चक्करावर जाहिरात देते,
गोरं होयाचं मलम, पाच मिनटात कर्ज,
अन् बंद कराची फुली इतकी बारीक
का सोल्युशन लागलेलं माहं बोट
हमखास मलमावर पडते.
पाच रेसात पेट्रोल संपते.
"वीस मिनटं थांब," म्हन्ते, "नाईतर पैसे भर."
मी थांबतो. थांबाचाच धंदा हाय माहा.

एक गोष्ट समजाले मले दोन महिने लागले.
मी पुढं निंघालो का मागचे एकदम जोरात येतात,
मी खांबाले धडकलो का पुढचे ढिले पडतात,
जसं कोनी त्याईले अन् मले
जुन्या ट्यूबची पट्टी कापून
कमरेले बांधून ठेवलं हाय.
तानते, सुटते, तानते.
रबर मले समजते, भाऊ. एकोनीस वर्सं झाले.
जितलो त्या दिवशी बी
कमरेले पट्टी लागतच होती.

तरी खेयतो.

परवा मडावी सिस्टर आल्या स्कूटी ढकलत,
पुढं लशीचा डबा, दुपट्टा घामानं ओला.
म्हन्लं, "बसा, एक मिनिट, शेवटचा चक्कर हाय."
(मंधात थांबवता येत नाई. बाकीचे थांबत नाईत.)
त्याईनं डबा उचलला,
माह्या माठापाशी सावलीत ठेवला,
अन् उभ्याच राह्यल्या.
काही बोलल्या असत्या त बरं झालं असतं.
मी तिसरा आलो.
दोनशे सोन्याचे शिक्के, अन् फटाके.

मंग ट्यूब काढली, हवा भरली,
घमेल्यातल्या पान्यात दमानं फिरवत गेलो.
हे काम घाईत होत नाई,
कान बी लावा लागते.
एका जागी बुडबुडे,
बारीक, एकामागं एक.
बाभयीचा काटा, अर्धा तुटलेला.

तवा ध्यानात आलं,
त्या समुद्राकाठच्या रस्त्यावर इतक्या गाड्या,
अन् कोनाचंच कधी पंक्चर होत नाई.
गाडी दरीत पडते, तीनदा लुकलुकते,
अन् रस्त्यावर उभी, नवीकोरी.
माह्यासारख्याले तठी
घमेलं ठेवाले जागा नाई.

सिस्टरनं तीस रुपये देल्ले, डबा बांधला.
"किती वाजले, दिवाकरभाऊ?"
म्या मोबाइल पाह्यला. वर लिवलं होतं,
"पाहुण्या, तुमची टाकी फुल झाली."
"तीन एक्केचायीस," म्या सांगतलं.
स्कूटी मोडावर गेली.
मी तिचं मागचं चाक पाहत राह्यलो,
दिसे तवरिक.